मदत हवी आहे: घरासाठी हीट एक्स्चेंजर (एकाच बॉयलरवर कॉफी आणि वाफ एकाच वेळी देणारं) एस्प्रेसो मशीन, लेलिट मारा एक्स की बेझेरा बीझेड10?

सध्या सिंगल बॉयलर आहे, म्हणजे कॉफी आणि वाफ आळीपाळीनेच मिळते. सकाळी लागोपाठ चार कॅपुचिनो करताना दर कपामागे वाफेची वाट पाहावी लागते. आधी सगळे एस्प्रेसो शॉट काढून पाहिले, तर दूध होईपर्यंत क्रेमा (कॉफीवरचा फेस) विरतो. ग्राइंडरची अडचण नाही: 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम कॉफी, 28 सेकंदांत. डबल बॉयलर बजेटबाहेर, प्लंबिंगही नको. बोअरचं पाणी जड, म्हणून आरओमध्ये थोडं मिसळून टाकीत भरेन. निव्वळ आरओवर बॉयलरचा पातळी-प्रोब (पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर) नीट चालत नाही. मारा एक्सला सेन्सरमुळे कूलिंग फ्लश (शॉटआधी जास्त तापलेलं पाणी सोडून देणं) फारसा लागत नाही, पण ई61 ग्रुप (कॉफी जिथून उतरते तो जड धातूचा भाग) तापायला वेळ घेतो. बीझेड10चा ग्रुप विजेवर तापतो, म्हणून लवकर तयार.

मग कॉफी-प्राधान्य मोडमध्ये (वाफेपेक्षा कॉफीचं तापमान आधी सांभाळणाऱ्या) मारा एक्सची वाफ चौथ्या कपाला पुरते का? आणि मध्यम भाजणीसाठी बीझेड10वर दोन शॉटांमध्ये किती मिली फ्लश करता?