मदत हवी आहे: आठवीच्या मुलांना गंभीर गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा कशा शिकवाव्यात?

फळा_खडू

आठवीचा वर्ग, मुलं-मुली एकत्र, मराठी माध्यम. ३५ मिनिटांच्या दोन तासिका हातात आहेत. खून, अपहरण, जबर मारहाण, लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्यांना कायद्यात काय शिक्षा आहे आणि ती कशी ठरते, एवढाच विषय. न्यायव्यवस्थेचा पाठ झालेला आहे, पण मुलांचे प्रश्न वेगळेच असतात. "लगेच फाशी का देत नाहीत?" "एन्काउंटर केलं तर काय बिघडलं?" "जामीन मिळाला म्हणजे सुटलाच ना?"

शाळेतली टिपणं जुन्या भारतीय दंड संहितेवरची आहेत, तेव्हा आजचे आकडे हवेत. लैंगिक गुन्ह्यांबद्दल या वयाला किती सांगायचं? आणि तासानंतर एखादं मूल थांबून काही सांगू लागलं तर नेमकं काय करायचं? पोलीस ठाण्यातून कोणी येऊन बोलायला तयार आहे. बोलवावं का?

वकीलपत्र

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे जुनी कलमं काढून टाका. मुलांना कलमांचे क्रमांक पाठ करायला लावू नका. तुमच्या टिपणात मात्र असू द्या, कारण घरी कोणीतरी "हे कुठे लिहिलंय?" विचारणारच.

खून (कलम १०३): फाशी किंवा जन्मठेप, आणि दंड. पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, भाषा वगैरे कारणावरून मिळून केलेला खून त्याच कलमात स्वतंत्रपणे आला आहे. खुनाचा प्रयत्न (१०९): १० वर्षांपर्यंत, त्यात दुखापत झाली तर जन्मठेपेपर्यंत. अपहरण (१३७): ७ वर्षांपर्यंत. खंडणीसाठी अपहरण (१४०): फाशी किंवा जन्मठेप. ॲसिड हल्ला (१२४): किमान १० वर्षं ते जन्मठेप. पाठलाग करून छळणं (७८): पहिल्यांदा ३, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत. साधी दुखापत (११५): एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड. जबर दुखापत (११७): ७ वर्षांपर्यंत. आणि हे मुलांना जरूर सांगा: हाड मोडणं किंवा दात तुटणं हे जबर दुखापतीत मोडतं. मधल्या सुट्टीतल्या मारामारीकडे मुलं मग वेगळ्या नजरेने बघतात.

१८ वर्षांखालच्यांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी पॉक्सो कायदा आहे, २०१२ चा, २०१९ मध्ये कडक केलेला. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. मुलग्यांना हे सहसा कोणी सांगतच नाही. लैंगिक छळाला ३ वर्षांपर्यंत, लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शाला ३ ते ५ वर्षं. तोच स्पर्श शिक्षक, पोलीस, नातेवाईक अशा विश्वासातल्या माणसाने केला तर ५ ते ७. त्याहून गंभीर अत्याचाराला किमान १० वर्षं, मूल १६ च्या आत असेल तर किमान २० वर्षं, आणि सर्वांत गंभीर प्रकारांत फाशीपर्यंत. आठवीला एवढं पुरे. "गंभीर अत्याचार" म्हणजे काय याची कायद्यातली व्याख्या वर्गात वाचू नका.

दोन गैरसमज हमखास निघतील. जन्मठेप म्हणजे १४ वर्षं, हा पहिला. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६१ मध्येच गोपाळ विनायक गोडसे खटल्यात स्पष्ट केलं आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला सरकार शिक्षेत सूट देऊ शकतं, पण १४ वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय नाही. १४ चा आकडा तिथून आला. तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळे मोजतात, हा दुसरा. ती निव्वळ थाप आहे.

जामिनाबद्दल: जामीन म्हणजे निर्दोष सुटका नाही. खटला चालूच राहतो, फक्त आरोपी तोवर बाहेर असतो, तोही अटींवर. अटी मोडल्या तर परत आत.

सह्याद्रीचा_वारा

एवढा आकड्यांचा पसारा कशाला? मुलांना एकच सांगा, असं केलं तर फासावर जाल. धाक हवाच.

कानोसा

वारा, हाच धाक उलटा लागतो. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो: शेजारी, नातेवाईक, शिकवणीवाला, व्हॅनवाला. एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे) अहवाल वर्षानुवर्षं हेच दाखवतात. आता ज्या मुलीला काकाचा त्रास आहे, तिने वर्गात ऐकलं की "असं करणाऱ्याला फाशी होते". तिच्या डोक्यात पुढचा हिशेब होतो: मी सांगितलं तर काका मरेल, काकू आणि तिची मुलं उघड्यावर येतील, आणि ते माझ्यामुळे. मग ती गप्प बसते. म्हणून शिक्षेच्या आधी तीन गोष्टी यायला हव्यात: दोष मुलाचा कधीच नसतो, शिक्षा द्यायची की नाही आणि किती, हे न्यायाधीश ठरवतात, सांगणारं मूल नाही, आणि सांगितल्यावर त्रास थांबवणं हे पहिलं काम, शिक्षा नंतर.

शिक्षेइतकाच वेळ "सांगितल्यावर माझं काय होईल?" याला द्या. तक्रार न करण्यामागची भीती तिथे असते, आणि तिची उत्तरं पॉक्सोत आहेत. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशात नाही. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात, आईवडील किंवा विश्वासातलं माणूस हजर असताना. कोर्टात साक्ष देताना आरोपी समोर दिसणार नाही अशी व्यवस्था करतात, सुनावणी बंद दालनात होते, नाव कुठेही छापता येत नाही. आणि "खोटं ठरलं तर मलाच शिक्षा होईल का?" याचं स्वच्छ उत्तर: नाही. तक्रार खोटी ठरली तरी मुलाला शिक्षा देता येत नाही, कलम २२ मध्ये तसं लिहिलंय.

मूल तुमच्याकडे येऊन बोललं तर:

"कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, मदत करू शकणाऱ्या माणसांनाच मी हे सांगणार आहे" एवढं म्हणा. खोदून विचारू नका. कधी, कुठे, किती वेळा ही चौकशी तुमची नाही; तीच गोष्ट चार जणांसमोर वदवून घेतली की तपशील बदलतात आणि पुढे बचावाचा वकील त्यावरच बोट ठेवतो. मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. शुद्ध भाषेत आणू नका. मग पोलिसांना कळवा. हे कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांची परवानगी त्यासाठी लागत नाही. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. आरोपी घरातलाच असण्याची शक्यता असेल तर आधी घरी फोन करू नका. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो.

तासिका_आठवी

दोन तासिकांची मांडणी देतो. पहिलीत प्रमाण, दुसरीत प्रक्रिया. उलट करू नका. शिक्षा कमी-जास्त का, हे समजल्याशिवाय खटल्याची गरज मुलांना पटत नाही.

पहिली तासिका. सहा प्रसंगांच्या चिठ्ठ्या, पाच-सहा जणांच्या प्रत्येक गटाला एक संच. रागाने ढकललं, कोपर खरचटलं. ठोसा मारला, दात तुटला. बेदरकार गाडी चालवली, माणूस गेला. पैशांसाठी मुलाला पळवलं. रोज क्लासच्या वाटेवर मुलीचा पाठलाग केला. ठरवून खून केला. गटाने १० मिनिटांत कमी ते जास्त शिक्षा असा क्रम लावायचा आणि दोन-दोन शब्दांत कारण लिहायचं. मग फळ्यावर कायद्यातल्या शिक्षा मांडा. गाडीचा प्रसंग मुद्दाम घातलाय. माणूस दोन्हीकडे मेला, पण निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला ५ वर्षांपर्यंत आणि खुनाला फाशी किंवा जन्मठेप. फरक कशाचा, यावर वर्ग पेटतो आणि हेतू हा शब्द मुलंच काढतात. त्यांनी काढायच्या आत तुम्ही सांगून टाकू नका, म्हणजे झालं. अत्याचाराचा प्रसंग चिठ्ठीत अजिबात नको; ते "कानोसा" यांनी सांगितलं तसं तुम्ही स्वतः शेवटच्या १० मिनिटांत बोला.

दुसरी तासिका: अभिरूप न्यायालय. सोनसाखळी हिसकावल्याचा खटला घ्या (शिक्षा ३ वर्षांपर्यंत). न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील, आरोपी, दोन साक्षीदार, एक तपास अधिकारी. पुराव्यात एक भोक ठेवा: संध्याकाळची वेळ, साक्षीदाराने ४० फुटांवरून पाहिलं, दिवा बंद होता. बचावाची भूमिका वर्गातल्या सर्वांत चुणचुणीत मुलाला द्या, नाहीतर खटला दोन मिनिटांत आटोपतो आणि मुद्दा हातून जातो. वर्गात आधीच ज्याच्यावर चोरीचा आळ आला असेल, त्याला आरोपी करू नका.

एन्काउंटरच्या प्रश्नाला मत नको, तारखा द्या. अजमल कसाब २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री जिवंत पकडला गेला. त्याचा रायफल हाती असलेला फोटो सगळ्या देशाने पाहिला होता, तरी त्याला वकील दिला. विशेष न्यायालयाने ६ मे २०१० ला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ ला. दयेचा अर्ज फेटाळल्यावर २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. चार वर्षांत. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आणि १९८० च्या बचनसिंग निकालापासून ती फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ खटल्यांत द्यायची असते, हेही याच ओघात सांगून होतं.

वकीलपत्र

तारखांबरोबर दुसरी बाजूही द्या, नाहीतर मुलं म्हणतील, एवढा वेळ घालवून केलं तर तेच. हैदराबादला ६ डिसेंबर २०१९ ला बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, लोकांनी फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने न्या. वि. स. सिरपूरकर यांचा आयोग नेमला. पोलिसांची कहाणी विश्वास ठेवण्याजोगी नाही आणि मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, असा त्याचा निष्कर्ष २०२२ मध्ये उघड झाला. ते चौघे दोषी होते की नव्हते, हे आता कोणतंच न्यायालय सांगू शकणार नाही.

आणि राईनपाडा. १ जुलै २०१८, साक्री तालुका, धुळे जिल्हा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवर पसरली होती, आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मारले गेलेले बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे होते. मुलांचं रक्षण करतोय असंच त्या जमावाला वाटत होतं. पुढे पाठवलेला एक मेसेज काय करतो ते यातून आठवीच्या मुलाला नीट कळतं. व्हिडिओ दाखवू नका, नुसतं सांगा.

फळा_खडू

खूप कामाचं मिळालं, सर्वांचे आभार. एक राहिलं. "आम्हीच केलं तर काय होतं?" हा प्रश्न येणार. मुलांमध्ये समज आहे की १८ च्या आत काहीच होत नाही.

वकीलपत्र

"काहीच होत नाही" हे चूक आणि "तुरुंगात टाकतात" हेही चूक. ७ वर्षांखालच्या मुलाची कृती गुन्हा ठरत नाही. ७ ते १२ मध्ये समज किती होती ते बघतात. १८ पर्यंत प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं: एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यातली किमान एक महिला. २४ तासांत तिथे हजर करावं लागतं, पोलीस कोठडी किंवा तुरुंग नाही. समज देण्यापासून समुपदेशन, सामाजिक सेवा, पालकांना दंड, ते विशेष गृहात जास्तीत जास्त ३ वर्षं, इतपत आदेश होऊ शकतात. १६ ते १८ मधल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला (किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त असलेला) तर प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याला प्रौढासारखं खटल्याला सामोरं जावं लागू शकतं. तरीही फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नाही. तुमचा वर्ग १३-१४ चा, म्हणजे हा शेवटचा भाग त्यांना लागू नाही. पण दोन-तीन वर्षांनी लागेल.

ठाणे_अंमलदार

पोलिसांना बोलवा, पण दुसऱ्या तासिकेनंतर. आधी बोलावलं की मुलं बंदुकीचेच प्रश्न विचारतात. पोलीस दीदी किंवा पोलीस काका उपक्रमातलं माणूस मागा, त्यांना शाळेत बोलायची सवय असते. कोठडी दाखवायला ठाण्यात सहल काढू नका. आत कोणाचा तरी बाप असू शकतो, तुमच्याच वर्गातल्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र दिलं तर वकील फुकट येतात. फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर १०९८ (मुलांची मदतवाहिनी) आणि ११२ (तातडीची मदत) राहू द्या.

गावात घडलेलं ताजं प्रकरण उदाहरणाला घेऊ नका, नाव न घेताही. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि लहान गावात शाळेचं नाव सांगितलं तरी ओळख पटते.

फळा_खडू

पालकांना आधी चिठ्ठी पाठवतेय, मसुदा असा: "येत्या आठवड्यात नागरिकशास्त्राच्या दोन तासिकांत गंभीर गुन्हे, न्यायालयीन प्रक्रिया व शिक्षा यांची वयानुरूप ओळख करून दिली जाईल. मुलांची सुरक्षितता व मदतीचे क्रमांक याविषयीही माहिती दिली जाईल. आपल्या पाल्याने काही त्रास सांगितल्यास प्रथम वर्गशिक्षकांशी संपर्क साधावा." चालेल?

कानोसा

पहिली दोन वाक्यं उत्तम. तिसरं बदला. "प्रथम वर्गशिक्षकांशी" असं लिहिलंत की पालक शाळेची वाट बघत बसतील, आणि त्रास शाळेतल्याच कोणाचा असेल तर बोलायचं कोणाशी? "पाल्याने काही त्रास सांगितल्यास शांतपणे ऐकावे, वारंवार विचारू नये, आणि १०९८ किंवा जवळच्या पोलीस ठाण्याशी थेट संपर्क साधावा. शाळेची मदत हवी असल्यास आम्ही आहोत." असं करा.