कोथरूडमध्ये चार मजल्यांचे चौदा होणार. दाटी वाढू द्यायची का?

पौडफाटा: आमची सोसायटी 1986 सालची, चार मजले, सोळा बिऱ्हाडं. आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशन पायी पाच मिनिटांवर, म्हणून बिल्डरांची रीघ लागलीय. स्टेशनपासून 500 मीटरच्या आत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते) 4 पर्यंत मिळतो म्हणे. नव्या नकाशात चौदा मजले, साठ फ्लॅट. पाणी आत्ताच सकाळचे दोन तास येतं. सेक्रेटरी मी, त्यामुळे शिव्याही मलाच. नवी माणसं शहराबाहेर राहू देत की, तिकडे जागा पडलीय!

शेवटचा_स्टॉप: ताई, त्या ‘तिकडे’ मीच राहतो. 2021 ला 23 गावं पालिकेत आली, पुणं क्षेत्रफळात मुंबईच्या पुढे गेलं, फ्लेक्स लागले. आमच्या बावीस मजली टॉवरखाली पहाटे टँकर रिव्हर्स घेतात, गजर लावावा लागत नाही. कोथिंबीर आणायलाही गाडी काढतो, कारण टॉवर, मग उसाचं शेत, मग भंगारचं गोदाम, मग पुन्हा टॉवर. फुटपाथ कुठेच नाही.

नकाशेवाला: इमारतींचे नकाशे काढून पोट भरतो, तेव्हा बोलतोच. माणूस कुठेही राहो, पाणी पिणारच. शंभर मीटर पाइपवर साठ घरं असली तर खर्च वाटला जातो. सहाच असली तर पाइप, पंप, गळती सगळं अंगावर येतं. बसचंही तेच, उतारू नसले की फेऱ्या कमी.

आणि दाटीला टॉवरच लागतो असं नाही. पॅरिसमध्ये सहा-सात मजल्यांत चौरस किलोमीटरला सुमारे 20,000 माणसं राहतात. आपल्या पेठा तर वाड्यांच्या काळापासून दाट, खाली दुकान, वर बिऱ्हाड.

माझी भीती वेगळी आहे. तुमच्या नकाशात खालचे किती मजले पार्किंगचे आहेत? तीन असतील तर रस्त्याकडे नुसती आंधळी भिंत येणार, आणि संध्याकाळी गल्लीत ऐंशी गाड्या. मेट्रोच्या नावाने एफएसआय घ्यायचा आणि वर फ्लॅटमागे दोन गाड्या, हे कसलं गणित? शिवाय पूर्ण 4 रुंद रस्त्यावरच मिळतो. तुमचा किती?

पौडफाटा: नऊ मीटर. पार्किंगचे तीनच मजले! बिल्डर म्हणाला, त्याशिवाय फ्लॅट विकले जात नाहीत.

नकाशेवाला: मग 4 विसरा. त्याचा एफएसआयचा हिशोब लेखी मागा.

गल्ली_नं_सात: मीटिंगमध्ये ड्रेनेजचा विषय आधी घ्या. आमच्या गल्लीत चार सोसायट्या एकदम पाडल्या, लाइन मात्र जुनीच ठेवली. पहिल्याच पावसात तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानात घाण पाणी उलटं आलं, लग्नसराईची कापडं गेली. शेजारच्या दोन सोसायट्यांनाही बोलवा. प्लॉट एकत्र केले तर मधल्या कुंपणभिंती जातील आणि रस्त्याला थोडी जागा सोडता येईल. वेगवेगळ्या पाडल्या तर तीन गेट, तीन बोअर आणि तीन रॅम्प, सगळे त्याच नऊ मीटरवर.