अतितीव्र दिव्यांग लेकरू घरी: आधी भत्ता की आधी मोकळे सहा तास?

कोरडवाहू:
दिव्यांग हक्क अधिनियम 2016 मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद सांगितली आहे, म्हणून मागणीही सगळीकडे भत्त्याचीच होते. मला ती दुय्यम वाटते. मान न धरणाऱ्या, गिळताना ठसका लागणाऱ्या सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या) मुलाचा दिवस मोजा. एकदा भरवायला पाऊण तास, असं चारदा. प्रत्येक वेळी नंतर अर्धा तास ताठ बसवायचं, नाहीतर पोटातलं उलटून श्वासनलिकेत जातं आणि पुन्हापुन्हा न्यूमोनिया होतो. पाच तास इथेच गेले. वर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. कापूस वेचणीची मजुरी किलोवर. मधूनच घरी पळणाऱ्या बाईला पुढच्या खेपेला कोणी बोलवत नाही. तिला दहा ते चार मोकळे हवेत. पट घटल्यामुळे जिल्हा परिषद शाळांच्या खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. तीन-चार गावांत मिळून एक दिवसाचं केंद्र काढा आणि ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी तिकडे वळवा.

बाजेवरचा हिशेब:
5 टक्के कशाचे? स्वउत्पन्नाचे. दोन लाख वसुलीच्या ग्रामपंचायतीत ते 10,000 रुपये होतात, वर्षाचे! चार गावांचे 40,000. एका मदतनीस बाईचाही वर्षाचा पगार निघत नाही.

हातापायाचा व्यायाम:
पैसा मिळाला तरी लेकरू तिथवर पोचणार कसं? पाय कात्रीसारखे आवळलेले, वजन 20 किलो, ऑटोत मायच्या मांडीवर, प्रत्येक खड्ड्याला मान मागे. मे महिन्यात पारा 45 वर जातो आणि या लेकराला पाणी मागता येत नाही. केंद्रापेक्षा घर नीट लावा. गावच्या सुताराकडून कोपरा-खुर्ची होते: दोन फळ्या काटकोनात पाठीला, पुढे ताट ठेवायला फळी, दोन मांड्यांमध्ये गादी लावलेला लाकडी ठोकळा. ठोकळा गाळला तर मांड्या एकमेकींवर चढतात आणि खुब्याचा सांधा हळूहळू निखळतो. बैठक खोल झाली तर लेकरू पुढे घसरतं. पट्टा पोटावर नको, जांघेच्या घडीवर हवा. तळवे जमिनीला टेकलेच पाहिजेत, म्हणून दर सहा महिन्यांनी माप घ्या. आणि बाजेच्या चारही पायांखाली सिमेंटचे ठोकळे घालून ती कमरेइतकी करा. मायची कंबर वाकून वाकूनच जाते.

वऱ्हाडी काकू:
खुर्ची झाली भाऊ, पन तिच्याजवळ बसन कोन? बुढी सासू? तिले लेकरू उचलता येत नाई. म्या म्हनते पैसाच पयले द्या. शेजारच्या बाईले रोज दिला तं ते सहा तास बसते, घरातच. ऑटो नाई, ऊन नाई. निराधार योजनेच्या 2500 रुपयांत औषध अन् लंगोटच भागत नाई, तं रोज कोठून द्याव?

कोरडवाहू:
काकू, शेजारणीला फिट आली तर काय करायचं ते माहीत आहे का? बहुतेक घरांत चमचा तोंडात कोंबतात, कांदा हुंगवतात. खरं तर कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांवर गेली की 108. फिटचं सिरप जेवणाच्या चमच्याने मोजतात, मात्रा रोज बदलते. ते सिरिंजने मोजावं. आणि बाटली संपली म्हणून औषध एकदम बंद झालं तर लागोपाठ फिट येतात. केंद्रात एका बाईला हे शिकवता येतं, वीस शेजारणींना कोण शिकवेल?

कागदपत्रवाले:
दोघांचंही बरोबर असलं तरी कागद नसले तर काहीच मिळत नाही. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात एक लाखापर्यंत उपचार, थेरपीसुद्धा, पण वेळेत नूतनीकरण विसरलं की संपलं. आधार कार्डासाठी आवळलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. तिथे बायोमेट्रिक अपवादाची नोंद मागावी लागते, ऑपरेटर स्वतःहून सांगत नाही. मूल 18 चं झालं की आईबापही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलं सांभाळणारे शंकरबाबा पापळकर 18 नंतरच्या बेवारस दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं कायदा मागत आहेत. घरच्या मुलांचं 18 नंतरचं दुखणं मात्र या चर्चेत कोणी काढलं नाही.

वऱ्हाडी काकू:
शेजारनीले काहून शिकवता येत नाई? आशाताई महिन्यातून एकडाव येतेच. अर्धा तास दाखवलं तं पुरते.

कोरडवाहू:
आशाताईंवर अजून एक काम नको. पण पैशाचा हिशेब मान्य. मग वर्षभराचं केंद्र सोडा. दिवाळी ते संक्रांत, वेचणीपुरतं, तेही फक्त चालत आणता येईल अशा एका गावापुरतं. ऑटोही नको आणि ऊनही नाही.

बाजेवरचा हिशेब:
तीन महिन्यांचे पैसे जमतील कदाचित. खोलीचा उंबरठा आधी बघा, चाकाची खुर्ची तिथेच अडते.