शब्दचर्चा: 'नैतिकता ज्याची त्याची' म्हणजे नेमकं काय? आणि मान, आदर, प्रतिष्ठा

शाईची दौत

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या मुलांची वादविवाद स्पर्धा आहे, विषय आहे 'नैतिकता व्यक्तिसापेक्ष असते'. मुलांची भाषणं तपासतेय आणि जवळपास प्रत्येकाच्या भाषणात एक वाक्य आहेच, 'मॉरॅलिटी सब्जेक्टिव्ह असते म्हणून सगळ्यांचा रिस्पेक्ट केला पाहिजे'. आता हे मराठीत नीट लिहायला सांगितलं की गाडी अडते. सब्जेक्टिव्ह म्हणजे व्यक्तिसापेक्ष की व्यक्तिनिष्ठ? नीती, नैतिकता आणि नीतिमत्ता यात फरक करायचा का? आणि रिस्पेक्टला मान म्हणू, आदर म्हणू की अजून काही? मला स्वतःला असं वाटायला लागलंय की शब्द नीट निवडले तर त्या वाक्यातला 'म्हणून'च टिकत नाही. जाणकारांनी लिहा प्लीज.

घाटमाथा

चांगला विषय काढलात ताई. सापेक्ष आणि निष्ठ हे दोन आपण सरसकट एकाच अर्थी वापरतो पण ते एक नाहीत. सापेक्ष म्हणजे स+अपेक्षा, कशाच्या तरी संदर्भाने ठरणारं. व्यक्तिनिष्ठ म्हणजे ठरवणाऱ्या माणसावरच उभं असलेलं, त्याला वाटलं म्हणून ते तसं. औषधाचा डोस पेशंटच्या वजनाप्रमाणे बदलतो, म्हणजे तो सापेक्ष आहे, पण म्हणून काही तो डॉक्टरच्या मर्जीवर नसतो, चुकीचा डोस हा चुकीचाच. नीतीचं बरंचसं असंच असतं. उपाशी माणसाने भाकरी चोरणं आणि भरल्या पोटाने चोरणं यात आपण फरक करतो, परिस्थिती बघतो, पण त्याचा अर्थ 'मला वाटलं म्हणून बरोबर' असा होत नाही. मुलांना म्हणायचंय व्यक्तिनिष्ठ आणि लिहितात व्यक्तिसापेक्ष, आणि मग पुरावा म्हणून देतात परिस्थिती बदलल्याची उदाहरणं, म्हणजे सापेक्षतेची. अर्धा घोळ इथेच आहे.

नीतीबद्दल थोडं. धातू नी, नेणे. नेता, नायक, नय सगळे त्यातलेच. जुन्या वापरात नीतीत व्यवहारचातुर्य आणि राजकारण जास्त होतं, म्हणून राजनीती, रणनीती, चाणक्यनीती. हिंदीत अजून नीति म्हणजे सरळ पॉलिसी, आपण त्याला धोरण म्हणतो (हल्ली 'शिक्षण नीती' वाचायला मिळतं, मला ते खटकतं). मराठीत नीती म्हणजे चांगलं-वाईट हा अर्थ पुढे घट्ट झाला आणि त्यात जोतीराव फुल्यांचा वाटा मोठा आहे असं माझं मत. 'विद्येविना मती गेली' सगळ्यांना पाठ असतं पण त्यातला क्रम बघा, मती मग नीती मग गती. नीती मतीच्या मागून येते, म्हणजे विचार करून येते. आवडीनिवडीसारखी नाही.

उंबरठा

मला नाही पटत. एकाला पाप ते दुसऱ्याला पुण्य हे आपण रोज बघतो की. आमच्या गावात मेलेल्याला कुणी जाळतात, लिंगायत समाजात बसवून पुरतात, मुसलमान पुरतात, मुंबईत पारशी लोकांचं दोखमा आहे, म्हणजे प्रेत गिधाडांसाठी उघड्यावर ठेवायची जागा. यातलं कुठलं नैतिक आणि कुठलं अनैतिक हे सांगणारे आपण कोण? खाण्याचं तसंच. लग्नाचं तसंच, दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करतात, उत्तरेत नुसतं ऐकून कानावर हात ठेवतात. तेव्हा ज्याचं त्याचं म्हणणंच बरोबर, निदान त्यात नम्रता तरी आहे.

शाईची दौत

उंबरठा, उदाहरणं खरी आहेत पण ती रीतीची आहेत ना? मराठीने इथे दोन वेगळे शब्द दिलेत, रीत आणि नीती. रीतभात, रीतिरिवाज, 'आमच्यात अशी रीत आहे', हे सगळं ज्याचं त्याचं असतं आणि असू दे. तुम्ही दिलेल्या चारही अंत्यसंस्कारांत पद्धत पूर्ण वेगळी आहे पण मेलेल्याची विटंबना होऊ नये, मागे राहिलेल्यांना निरोप घेता यावा, ही काळजी चारही ठिकाणी आहे. लिंगायत माणूस जाळणाऱ्याला पापी म्हणत नाही. पण प्रेताची विटंबना केली तर सगळेच म्हणतील. म्हणजे रीत बदलली म्हणून नीती बदलली असं दिसत नाही.

उंबरठा

बरं, मग अवघड उदाहरण घेऊ. शंभर वर्षांपूर्वी अस्पृश्यता पाळणाऱ्यांना मनापासून वाटायचं की आपण धर्म पाळतोय. ती त्यांची नीतीच होती, नुसती रीत नव्हे. त्यांना आजच्या मापाने मोजायचं का? मी अस्पृश्यतेचं समर्थन अजिबात करत नाहीये हे आधीच सांगतो, पण लॉजिक काय म्हणतं ते बघू.

घाटमाथा

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं कारण 'त्या काळची नीती' हा शब्दप्रयोग मला सगळ्यात जास्त खुपतो. कुणाची नीती? त्या काळी एकच तोंड होतं का समाजाला?

महाडचंच घ्या. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा. महाड नगरपालिकेने त्यावरून पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर. प्रत्यक्षात पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर मारहाण झाली, मग तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. शुद्ध, बाटणे, विटाळ, हे सगळे त्या काळी नीतीचे शब्द म्हणूनच वापरले जात होते, हे तुमचं म्हणणं मान्य.

पण आता बघा बाबासाहेबांच्या बाजूने उभे कोण होते. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, हे कायस्थ. डिसेंबरात मनुस्मृती जाळायचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, ब्राह्मण. त्याच काळातली, त्याच संस्कारात वाढलेली, तेच श्लोक ऐकलेली माणसं. त्यांना ते चूक दिसत होतं. आणि ज्यांना पाणी बंद होतं त्यांना तर कायमच दिसत होतं, त्यांना कुणी विचारलं होतं का की ही तुमच्याही काळाची नीती आहे का म्हणून? 'त्या काळची नीती' म्हटलं की ज्यांच्या हातात तळं होतं फक्त त्यांचं मत मोजलं जातं आणि तहानलेल्यांचं गळून जातं. सापेक्षतावाद नम्र वाटतो पण इथे तो बलवानाचीच बाजू घेतो, हे मी अगदी ठामपणे म्हणेन. बाबासाहेबांनी त्या डिसेंबरच्या परिषदेत सांगितलं होतं की ते पाणी प्यायलो नाही तर आपण मरू असं काही नाही, इतरांप्रमाणे आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला जायचंय. म्हणजे मुद्दा पाण्याइतकाच आदराचा होता. कोर्टात ती केस दहा वर्षं चालली, १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल लागला.

शाईची दौत

इथूनच मला मान आणि आदराकडे यायचंय.

शाळेच्या पुस्तकातली प्रतिज्ञा आठवा. मूळ तेलुगूत, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये लिहिलेली. मराठीत आपण म्हणतो की पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन. बघा, मान वर जातो आणि 'प्रत्येका'च्या वाट्याला सौजन्य येतं. मराठीत मान या शब्दाला पायऱ्या आहेत. मानकरी, मानपान, मानाचा गणपती, मानाची पालखी. लग्नात मानपानावरून भांडणं होतात ती कुणाची पायरी कुठली यावरूनच. जुन्या पत्रांचे मायने बघा, तीर्थरूप कुणाला, राजमान्य राजश्री कुणाला, चिरंजीव कुणाला, सगळं ठरलेलं. (जाता जाता, मान हा मन् धातूचा, मत आणि मान्यही त्याचेच. गळ्यावरची मान वेगळी, ती संस्कृत 'मन्या' या शब्दापासून.)

आदरही बहुधा कमवावा लागतो, 'आदर वाटतो' म्हणतो आपण, तो आपोआप वाटला तर वाटतो, जबरदस्तीने नाही. त्यामुळे 'सगळ्यांचा आदर करा' म्हटलं की मुलं विचारतात, जो माणूस बायकोला मारतो त्याचाही का? आणि त्यांचा प्रश्न बरोबर आहे. मग जे प्रत्येकाला द्यायचंच आहे, कमवायला न लावता, त्याला शब्द काय? संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठीत आहे, 'व्यक्तीची प्रतिष्ठा'. पण बोलताना आपण प्रतिष्ठा, प्रतिष्ठित म्हणतो ते गावातल्या बड्या लोकांना, तिथेही पायरी घुसलीच.

आणि नुसता आदरार्थी शब्द लावून काम होत नाही. सौ., श्रीमती, गं. भा. बघा. गंगाभागीरथी इतकं पवित्र नाव, पण ते लावायचं कारण काय तर तिचा नवरा गेला. २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून 'विधवा'ऐवजी गंगा भागीरथी वापरायचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा केवढा विरोध झाला, आणि तो रास्तच होता असं मला वाटतं. त्याउलट मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. कुठलंही नवं संबोधन नाही. त्या बाईला चारचौघांत कालच्यासारखीच राहू दिलं. मला यात जास्त आदर दिसतो. आणि उंबरठा, हे बाहेरच्या कुणी येऊन शिकवलेलं नाही, गावाने स्वतःच्या रीतीकडे बघून ठरवलं.

सूर्याकाठ

मी डहाणू साईडचा. जोहार शब्दाबद्दल लिहितो, इथे अगदी बसतो. चोखोबांच्या 'जोहार मायबाप'मुळे सगळ्यांना माहीत आहे की महारांनी वरच्यांना जोहार घालायचा असायचा, म्हणजे आदर होता पण एकाच दिशेने आणि सक्तीचा. पुढे लोकांनी तो टाकून दिला, जय भीम आला, तो दोघंही एकमेकांना म्हणतात, उत्तरही जय भीमच. आणि आमच्याकडे आदिवासी लोक जोहार अभिमानाने म्हणतात, आपला म्हणून, कुणी घालायला लावलेला नाही, समोरचाही जोहारच म्हणतो. शब्द तोच. आदर दोन्हीकडून आहे का नाही यावर सगळं आहे.

अरेतुरेचं पण तसंच. आईला तू, विठोबाला तू, त्यात कुठे अनादर आहे? पण साठीच्या मजुराला पंचविशीचा मुकादम 'ए राम्या' म्हणतो ते ऐकवत नाही. तिथे तू नसतो, तो 'या' असतो शेवटचा.

उंबरठा

महाडचा मुद्दा पटला. समाज म्हणजे एक तोंड नाही हे मी धरलं नव्हतं. तरीपण माझं अजून म्हणणं आहे की काय खावं, कुणाशी लग्न करावं, देव मानावा का, हे ज्याचं त्याचंच असलं पाहिजे. त्यात तुमची नीती आणू नका.

घाटमाथा

एकदम मान्य, पण 'असलं पाहिजे' म्हणालात ना, ते 'पाहिजे' कुठून आलं? दुसऱ्याच्या जगण्यात नाक खुपसू नये हे तुम्ही सगळ्यांना लागू करताय, मला, जातपंचायतीला, सासूबाईंना. म्हणजे निदान ही एक गोष्ट तरी ज्याची त्याची नाही. मुलांच्या वाक्यातला 'म्हणून' इथे पडतो. सगळंच व्यक्तिनिष्ठ असेल तर 'दुसऱ्याला मान द्या' हेही व्यक्तिनिष्ठच, कुणी म्हणेल मला नाही वाटत, विषय संपला. तुमचं म्हणणं उभं राहायला हवं असेल तर आदर आधी धरावा लागतो आणि मग त्याच्या जोरावर म्हणता येतं की श्रद्धा, जेवण, जोडीदार ज्याचा त्याचा.

फुल्यांच्या शेवटच्या पुस्तकात ('सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक', ते गेल्यावर १८९१ मध्ये छापलं गेलं) एक कुटुंब आहे, त्यात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एका घरात एकमेकांचा द्वेष न करता राहायचं. धर्म चार, पण द्वेष न करण्याचा नियम चौघांना एकच. तो सापेक्ष ठेवला असता तर घर चाललंच नसतं.

शाईची दौत

हे मुलांना नक्की सांगते. वाक्य असं बदलायला सांगणार आहे, 'रीती ज्याच्या त्याच्या असतात आणि त्या तशा राहाव्यात, कारण प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा सारखी आहे'. आता विरुद्धार्थी शब्द राहिला. अनादर, अपमान, अवमान, अवहेलना, काय घेऊ?

सूर्याकाठ

'वाळीत टाकणे' घ्या ताई. अपमान एका माणसाने एकदा केला तरी होतो, वाळीत सगळे मिळून टाकतात आणि ते वर्षानुवर्षं चालतं, बोलायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही, मयताला जायचं नाही. महाराष्ट्राने त्याविरुद्ध २०१६ मध्ये वेगळा कायदा केला, सामाजिक बहिष्काराचा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तुमच्या विषयाच्या दृष्टीने यातलं बघण्यासारखं म्हणजे, समाजातल्या माणसांत कुठल्या कारणावरून भेदभाव केला तर तो बहिष्कार धरायचा त्या कारणांमध्ये राजकीय कल, लैंगिकता यांच्याबरोबर नैतिकता पण आहे. पंचायतीचे लोक नेहमी हेच सांगतात, आमच्या समाजाची नीती मोडली म्हणून टाकलं. कायद्यात ते कारण नाव घेऊन लिहिलेलं आहे.