जाहिरातही मीच मागायची आणि बातमीही मीच लिहायची, कसं निभावता?

माणकाठची
नमस्कार. मी सांगोला तालुक्यातली. चार वर्षं एका जिल्हा दैनिकाला बातम्या देते. नेमणुकीचं पत्र नाही, ओळखपत्र तेवढं आहे. मानधन महिन्याला ८०० रुपये, तेही तीन-चार महिन्यांचं एकदम येतं. बाकी जाहिरातीचं कमिशन. यंदा वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी मला चाळीस हजारांचं टार्गेट दिलंय. घर शिलाई मशीनवर चालतं, पण बातमी सोडवत नाही.

आता अडचण सांगते. एका वस्तीवर जलजीवन मिशनची टाकी उभी आहे, दारोदारी नळ आहेत, पाणी नाही. बायका दीड किलोमीटरवर दुसऱ्याच्या शेतातल्या विहिरीवर जातात. मी सात घरांत बोलले, फोटो काढले. त्या गावच्या सरपंचांनी दिवाळीत चार हजारांची शुभेच्छांची जाहिरात दिली होती. ६ जानेवारीला पत्रकार दिनाला शाल-श्रीफळ दिलं, ते मी घेतलंही. मागच्या रविवारी जनावरांच्या बाजारात भेटले आणि म्हणाले, "ताई, गावाचं नाव खराब करू नका. पुरवणीला पानभर देतो." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. डेस्कला विचारलं तर म्हणाले, आधी पुरवणी होऊ द्या.

बातमी थांबवू का? की दुसरीकडे स्वतंत्रपणे देऊ? आणि देतात कशी, कुणाला?

एसटीचं_पाकीट
ताई, मी २७ वर्षं तालुका वार्ताहर आहे. बातमीचं पाकीट संध्याकाळच्या एसटीने कंडक्टरच्या हाती पाठवायचो, तेव्हापासून. तुमच्या प्रश्नावर मला माझी एक चूक सांगायची आहे.

२०१३ च्या दुष्काळात आमच्याकडे चारा छावण्या होत्या. एका शेतकऱ्याने मला पहाटे नेऊन दाखवलं, रजिस्टरला जनावरं जास्त, दावणीला कमी. छावणीचालकाची अर्ध्या पानाची जाहिरात माझ्या पिशवीत होती. पुरवणी झाल्यावर बघू म्हटलं. पुरवणी झाली, पाऊस पडला, छावणी उठली. तो शेतकरी आजही रामराम करतो, पण पुन्हा कधी त्याने मला काही सांगितलं नाही. कमिशनचे पैसे कशात गेले ते आठवत नाही. ती दावण आठवते.

म्हणून थांबवू नका. पण घाईही नको. टाकीत पाणी का नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, ते अजून तुम्हालाही नक्की माहीत नसावं. विहीर आटली? मोटारीला वीजजोडणी नाही? जलवाहिनी अपुरी? की काम पूर्ण दाखवून बिल निघालं? यात सरपंचांचा दोष असेल किंवा नसेलही. योजनेचा फलक लावला असेल तर त्याचा फोटो घ्या, त्यावर रक्कम आणि ठेकेदार असतो. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, पूर्णत्वाचा दाखला असं एकेक नाव घेऊन मागा. "योजनेची सर्व माहिती" असं मोघम मागितलंत की तसंच मोघम उत्तर येतं. मुदत ३० दिवसांची. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

तोवर वस्तीवर एक सकाळ घालवा आणि हंडे मोजा. माणशी रोज ५५ लिटर हे त्या मिशनचं स्वतःचं माप आहे. एका घरात माणसं किती, हंडे किती, हंडा किती लिटरचा, एवढं लिहिलंत तर विशेषणं लागणारच नाहीत.

सरपंचांचं म्हणणं लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल. त्या गावची जाहिरात यंदा घेऊ नका. टार्गेट कमी पडेल, मला माहीत आहे ते किती लागतं.

पान_चार
मी बारा वर्षं डेस्कवर उपसंपादक होतो. वरचं सगळं पटलं. बाहेर द्यायची असेल तर पूर्ण बातमी एकदम दहा जणांना फॉरवर्ड करू नका, मग ती कुणाचीच राहत नाही. एका ठिकाणी दोन परिच्छेदांचा मेल करा: काय घडलंय, तुमच्या हातात कोणते कागद आणि फोटो आहेत, कुणाचं म्हणणं घेतलंय. आठवड्यात उत्तर नाही आलं तर दुसरीकडे. होकार आला की लिहायच्या आधी शब्दसंख्या, मानधन आणि नाव कसं जाणार ते मेलवरच विचारा. त्यात संकोच नको, शिलाईचा दर आधी सांगताच ना? तुमच्या जिल्हा प्रतिनिधीला मात्र आधी कळवा, तुम्ही छापत नसाल तर मी बाहेर देते म्हणून. मागून कळलं की संबंध तुटतो.

आणि एक. बायका ज्या विहिरीवर जातात ती कुणाची, हे तपासा. मालक सरपंचांच्या भावकीतला निघाला आणि बायकांची नावं छापली, तर दुसऱ्या दिवशी विहिरीला कुंपण पडेल. असं झालेलं मी पाहिलंय, बातमी आमच्याच पानावर होती.

माणकाठची
दोघांनाही मनापासून धन्यवाद. काका, तुमचं उत्तर वाचून रात्री झोप लागली नाही, सकाळी साडेपाचला वस्तीवर गेले.

एका घरात सहा माणसं, एक म्हैस. अकरा हंडे आले, हंडा १४ लिटरचा. म्हैस धरून १५४ लिटर. माणशी २६ सुद्धा नाही. ती बाई म्हणाली, पाव्हणं आलं की म्हशीला कमी पाजते.

विहीर भावकीतलीच आहे. बरं झालं विचारलंत दादा. मोटार बसलीय पण वीजजोडणी नाही, असं वायरमन म्हणतो. कागदावर काय आहे ते अर्ज केल्यावर कळेल, सोमवारी सोलापूरला जाऊन देते. सरपंचांना मेसेज केलाय, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. त्यांची पानभर जाहिरात नको म्हणून कळवलं. डेस्क नाराज आहे. जिल्हा प्रतिनिधींनी मात्र, कागद आले की माझ्याकडे पाठव, असं म्हटलंय.

बायकांना नावाचं विचारलं. सातपैकी सहा जणी नको म्हणाल्या. सातवी, वय सत्तरच्या पुढचं, म्हणाली, "माझं छाप. मला कोण विहिरीवरनं हाकलतंय, मी जातच न्हाई आता, गुडघं गेलं." तिचंही अजून ठरवलेलं नाही. तिची सून जाते ना पाण्याला.