आधी सेट, मग राजीनामा

आयटीतली नोकरी सोडून कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवायला यावं का, आणि इथे निवांतपणा असतो का, असं तुम्ही विचारलंय. इतर बऱ्याच जणांनी उत्तरांत सुट्ट्यांचं कौतुक केलंय, म्हणून थोडी भर घालतो.

आधी नेट किंवा सेट (प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्या पात्रता परीक्षा) काढा. मगच राजीनामा. आपल्याकडे बीसीएस, बीसीए या कॉम्प्युटरच्या पदव्यांचे वर्ग बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, त्यामुळे सुरुवात तासिका तत्त्वावर (जेवढे तास, तेवढे पैसे) किंवा तुटपुंज्या ठोक पगारावर होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फायली, परीक्षेची ड्यूटी आणि 'सर, प्रोजेक्टर चालत नाहीये' हे त्यावर वरकड. (कॉम्प्युटरचे सर म्हणजे प्रिंटरचेही सर, हे गृहीत धरा.)

पण लॅबमध्ये मजा आहे. काही ठिकाणी अजून टर्बो सी हा सी भाषेचा जुना कंपायलरच चालतो. त्यात इंट (पूर्णांक ठेवायची जागा) दोन बाइटचा, त्यात ३२७६७ पर्यंतच मावतं, म्हणून ३२७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर −३२७६८. पोरं म्हणतात, 'सर, कॉम्प्युटर बिघडला!' तोच प्रोग्रॅम जीसीसी या दुसऱ्या कंपायलरवर चालवला की ३२७६८ येतं, कारण तिथे इंट चार बाइटचा. मग फळ्यावर टू'ज कॉम्प्लिमेंट (ऋण संख्या बायनरीत लिहायची पद्धत) मांडायचं. एरवी ज्या धड्याला अर्धा वर्ग पेंगतो, तो त्या दिवशी बेल झाली तरी उठत नाही.

प्रॅक्टिकलची जर्नलं मात्र सगळी एकाच्याच वहीवरून उतरवलेली, स्पेलिंगच्या चुकांसकट. त्यापेक्षा तोंडी परीक्षेत प्रोग्रॅममधली एखादी ओळ खोडून 'आता काय छापेल?' विचारा, कोणाला खरंच समजलंय ते लगेच कळतं.