सोशल सिक्युरिटीचा आकडा: पन्नाशीत नोकरी सोडली तर किती धरावा?

सप्रेम नमस्कार मंडळी,

अठ्ठाविसाव्या वर्षी एच-वन व्हिसावर अमेरिकेत आलो, आता पन्नाशी गाठली आहे आणि वर्षअखेरीस नोकरी सोडण्याचा विचार आहे. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शन योजनेचे, स्टेटमेंट ६७ व्या वर्षी दरमहा सुमारे ३,४६० डॉलर मिळतील असे सांगते. निवृत्तीच्या हिशेबात हा आकडा जसाच्या तसा धरावा, की व्यवस्थेचे भवितव्य पाहता शून्यच धरावा? आमच्या घरात दोन्ही पक्ष आहेत.

आपला,
एक सभासद, न्यू जर्सी

*

स. न. वि. वि.

दोन्ही पक्षांना थोडे सरकावे लागेल. आजच्याच पगारावर आपण ६७ व्या वर्षापर्यंत नोकरी करत राहाल, असे गृहीत धरून स्टेटमेंटमधला अंदाज काढलेला असतो, आणि आपला बेत तर नेमका उलट आहे. पेन्शनसाठी सर्वाधिक कमाईची ३५ वर्षे मोजतात. तेवढी नसतील तर उरलेल्या जागी शून्ये बसतात, म्हणजे आपल्या खात्यात २२ वर्षे आणि १३ शून्ये.

यावरून पेन्शनही त्याच प्रमाणात घटेल असे मात्र नाही, आणि बहुतेक मंडळी इथेच घाबरतात. मासिक सरासरी कमाईच्या पहिल्या टप्प्यावर ९० टक्के, दुसऱ्यावर ३२ टक्के आणि त्यापुढील रकमेवर अवघे १५ टक्के पेन्शन मिळते. २०२५ मध्ये ६२ वर्षांचे होणाऱ्यांसाठी हे टप्पे १,२२६ आणि ७,३९१ डॉलरवर बदलतात. आपली कमाई, जुने पगार आजच्या वेतनमानाला आणून, वर्षाला सरासरी १,२०,००० डॉलर मानली, तर पूर्ण ३५ वर्षांची मासिक सरासरी १०,००० आणि पेन्शन सुमारे ३,४६७ डॉलर येते, जे आपल्या स्टेटमेंटशी जुळते. २२ वर्षांवर थांबल्यास सरासरी ६,२८६ पर्यंत उतरते, पण पेन्शन सुमारे २,७२२ डॉलर राहते. वर्षे ३७ टक्क्यांनी कमी होऊनही पेन्शन साधारण २१ टक्क्यांनीच घटते, कारण गमावलेली रक्कम वरच्या, कमी टक्क्यांच्या टप्प्यांतली असते. शिवाय आपण साठीला पोहोचेपर्यंत जुनी कमाई देशाच्या सरासरी वेतनाच्या प्रमाणात वाढवून धरली जाते, त्यामुळे नोकरी सोडल्यावरही ती गोठत नाही.

हे सारे ६७ व्या वर्षाचे गणित झाले. ६२ व्या वर्षीच पेन्शन सुरू केल्यास ३० टक्के कपात कायमची, आणि ७० पर्यंत थांबल्यास २४ टक्के वाढ. आपल्या ऑनलाइन खात्यात पुढील वार्षिक पगाराच्या जागी शून्य भरले, तर खऱ्या नोंदींवरून हाच हिशेब मिळेल.

भवितव्याविषयी: सोशल सिक्युरिटीच्या विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार तिच्या निवृत्तिनिधीची शिल्लक २०३३ मध्ये संपेल, पण त्यानंतरही चालू करवसुलीतून ७७ टक्के पेन्शन देता येईल. मी स्वतः २,७२२ चे तीन चतुर्थांश, म्हणजे २,०४० च्या आसपास धरीन. शून्य धरणे सुरक्षित वाटते खरे, पण त्यापायी माणूस विनाकारण आणखी काही वर्षे ऑफिसात काढतो.

आपला स्नेहांकित,
एक निवृत्त सभासद

*

नमस्कार काका,

मला भारतातल्या नोकरीचे ईपीएफचे पेन्शन मिळणार आहे. त्यामुळे इथले पेन्शन कापतात, असे ऐकले होते. ते खरे आहे का? आणि तिथली वर्षे इथे जोडता येतात का?

*

ताई,

कापत असत, परंतु ती तरतूद रद्द करणाऱ्या कायद्यावर ५ जानेवारी २०२५ रोजी सही झाली आणि जानेवारी २०२४ पासूनच्या पेन्शनला ती लागू राहिलेली नाही. जुन्या लेखांत अजून तोच इशारा आढळतो, तो सोडून द्यावा. वर्षे मात्र जोडता येत नाहीत, कारण भारताशी अमेरिकेचा तसा करार नाही. पेन्शनला पात्र होण्यासाठी किमान ४० क्रेडिट (कमाईवर मिळणारे गुण) इथल्याच कमाईवर भरावी लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात आणि २०२५ मध्ये एका क्रेडिटला १,८१० डॉलरची कमाई पुरत होती. त्यामुळे भारतात परत जाणार असाल, तर त्यापूर्वी आपली किती भरली आहेत, हे खात्यात पाहून घ्यावे. दोनचारच कमी पडत असतील, तर निघण्याची तारीख थोडी पुढे ढकलणे परवडेल.